सहा महिने गाडी बंद राहणार

प्रश्न : आम्ही दोघे जूनमध्ये मुलीकडे अमेरिकेला जातोय, परत येऊ ते डिसेंबरात. पेट्रोलची गाडी चिपळूणच्या घरी, बंद गॅरेजमध्ये राहील. शेजारी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करायला तयार आहेत. तेवढं पुरेल?

उत्तर : शेजाऱ्यांचे आभार माना, पण किल्ली देऊ नका. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि स्टार्टरने खाल्लेली वीज बॅटरीत परत भरत नाही. त्यापेक्षा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. रेडिओचा कोड असेल तर तेवढा लिहून ठेवा.

टाकी काठोकाठ भरा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, रिकाम्या टाकीत तो जास्त शिरतो. टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआय जादा ठेवा. हँडब्रेक मात्र ओढू नका. कोकणातल्या दमट हवेत ब्रेक गंजून चिकटतात आणि डिसेंबरात गाडी जागची हलत नाही. पहिला गिअर टाकून चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावा.

खरा शत्रू उंदीर. सीटखाली पडलेला एक शेंगदाणाही त्याला आमंत्रण. आतून झाडून घ्या, बॉनेटखाली हवा ओढणाऱ्या तोंडांना बारीक जाळी बांधा. प्लॅस्टिकचं कव्हर नको, बुरशी धरते, सुती घाला.

विम्याची मुदत मधेच संपत असेल तर निघण्याआधीच नूतनीकरण करा. नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनस गेला.