सही करण्यापूर्वी विचारा

‘नव्या औषधाची चाचणी आहे, उपचार मोफत’ असे ऐकले की कॅन्सरचा गरीब पेशंट लगेच अंगठा देतो. पण थांबा. औषधाचा गुण येतो का, हेच अजून तपासायचे असते. म्हणून डॉक्टरांना आधी विचारा :

१. चाचणी कोणत्या टप्प्याची? पहिल्या टप्प्यात मुख्यतः शरीराला किती डोस सोसतो, ते पाहतात.

२. मी नाही म्हटले, तर कोणता उपचार मिळेल?

३. मला नवे औषध मिळेल की नेहमीचे? हे कसे ठरते?

४. तपासण्या आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा?

५. रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?

२०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळाली पाहिजे. माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत हवी. वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. त्यासाठी नेहमीचा उपचार नाकारता येत नाही. संमतिपत्र घरी न्या, वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्या, मगच सही करा. एक प्रत आपल्याजवळ ठेवा.