घरच्या अंगणात जीपची बॉडी चासीवरून उतरवताना : काम, जोखीम आणि कोटेशन



जुन्या गाड्या दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्यांचा एक प्रश्न सारखा येतो. "सर, गॅरेज भाड्याने घ्यायची ऐपत नाही. घरच्या अंगणात जीपची बॉडी उतरवता येईल का? आणि त्याचे पैसे किती सांगायचे?"

येते. मीही बुधवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात हे काम केलं आहे आणि एकदा चांगलाच मारही खाल्ला आहे. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी धडा नीट समजून घ्या.

१. आधी गाडीखाली वाका

सगळ्याच जुन्या गाड्यांची बॉडी उतरत नाही. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा आपली अँबेसेडर यांना वेगळी चासी नाही. बॉडी हाच त्यांचा सांगाडा आहे. तिथे "बॉडी उतरवून देतो" असं गिऱ्हाइकाला सांगितलंत, तर पहिल्याच वाक्यात तुमचं अज्ञान उघडं पडेल.

जीपचं तसं नाही. महिंद्रानं विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे उंच बोनेटची सीजे-३बी इथे वर्षानुवर्षं बनली. तिला पुढून मागपर्यंत दोन लांब लोखंडी गर्डर आहेत आणि त्यांवर बॉडी नटबोल्टनं बसवलेली आहे. १९६० च्या दशकात मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड हीसुद्धा वेगळ्या चासीची गाडी. गाडीखाली वाकून हे दोन गर्डर दिसले, तरच पुढचं वाचा.

२. कागद आधी, पाना नंतर

पान्याला हात लावण्याआधी तीन गोष्टी करा.

आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा, दोन्हींचे फोटो काढा आणि मालकाची सही घ्या. नंबर जुळत नसेल तर काम घेऊ नका, पैसे कितीही मिळोत. आणि चासी घासताना नंबरच्या जागेवर ग्राइंडर चालवायचा नाही, हे मदतनिसाला दहा वेळा सांगा.

दुसरं, मालकाला विचारा की गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची आहे का. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच तशी नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. तुम्ही हौसेनं चासी कापून लांब केलीत, तर मालकाचा तो रस्ता कायमचा बंद.

तिसरं, अप्पा बळवंत चौकातून एक जाड वही, मार्कर आणि लेबलं आणा, आणि सोबत झिपच्या पिशव्या. एका जागेचे बोल्ट एका पिशवीत, पिशवीवर लेबल, वहीत नोंद, मोबाइलवर फोटो. जुन्या जीपचे बोल्ट इंची आट्यांचे असतात. त्यात मिलिमीटरचे मिसळले की जुळणीच्या दिवशी डोकं धरून बसाल. बोल्ट हरवलाच तर रविवार पेठेतली बोहरी आळी किंवा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, पण त्यात अर्धा दिवस जातो.

३. उतरवण्याचा क्रम

पहिली बॅटरी काढा. मग पेट्रोल. सीजे-३बीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. टाकी रिकामी करून चौकाबाहेर नेऊन ठेवा. त्याआधी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू करायचं नाही. पेठेत घराला घर लागून आहे, तुमची ठिणगी शेजाऱ्याच्या जिन्यापर्यंत जाते. वाळूची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

नंतर सीट, पुढची काच, बोनेट, ग्रिल, रेडिएटर, मडगार्ड. जितकं वजन आधी उतरेल तितकं बरं.

आता चासी आणि बॉडी यांना जोडणाऱ्या गोष्टी एकेक करून सोडवा : स्टिअरिंगचं चाक, बॉडीच्या तळातून वर येणारी क्लच-ब्रेकची पेडलं, गिअरचे दांडे आणि त्यांभोवतीची पत्र्याची झाकणं, अ‍ॅक्सिलरेटर, चोक आणि स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेक, वायरिंग, अर्थची पट्टी. वायर कापण्याआधी दोन्ही टोकांना एकच नंबर लावा. नवं वायरिंग टाकायचं असेल तर वायर आणि लग शेजारीच तपकीर गल्लीत मिळतात.

बॉडीच्या बोल्टांना दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल पाजत राहा. घाईत पाना लावला की बोल्ट तुटतो. बॉडी आणि चासीमध्ये रबराचे किंवा कॅनव्हासचे तुकडे असतात. कुठल्या जागी किती जाडीचा तुकडा होता ते लिहून ठेवा, नाहीतर परत बसवताना बॉडी वाकडी बसते.

तळाचा पत्रा गंजलेला असेल तर उचलण्याआधी आतून आडवे-तिरके अँगल लावून बॉडी बांधून घ्या आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं वहीत लिहा. खाली ठेवल्यावर तीच मापं पुन्हा घ्या. बॉडी पिळली असेल तर लगेच कळतं.

४. माझी चूक

त्या कामात इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. मग मी वाड्याच्या सागवानी तुळईला चेन ब्लॉक अडकवला. तुळई हातभर जाड, शंभर वर्षं उभी, तिला काय होतंय! बॉडी वीतभर उचलली आणि वरून कडकड आवाज आला. भिंतीतलं तुळईचं टोक आतून कुजलेलं होतं. माती पडली, तुळई खचली, बॉडी एका कोपऱ्यावर आपटून तळातून दुमडली. वरच्या खोलीत एक आजी बसल्या होत्या आणि खाली माझा मदतनीस चासीवर वाकून एक अडकलेली वायर सोडवत होता. दोघांनाही काही झालं नाही, हे नशीब. माझी हुशारी नव्हे.

बॉडीचा नवा तळ मी माझ्या खिशातून करून दिला, वाड्याच्या तुळईला टेकू लावून दिला. त्या कामात कमाई शून्य, वर कर्ज. पण पैशापेक्षा जास्त टोचलं ते मालकीणबाईंचं बोलणं : "अहो, तुम्ही विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं, तिथे पावसाचं पाणी मुरतं."

म्हणून नियम लिहून घ्या. इमारतीला भार टांगायचा नाही. भाड्यानं लोखंडी घोडी आणा. नाहीतर सरळ माणसं लावा. सगळं उतरवलेली जीपची बॉडी सहा जण उचलू शकतात. हुकूम एकानंच द्यायचा. दोन इंच उचला, थांबा, चारी बाजूंनी फिरून बघा काही अडकलंय का, मग पुढे. बॉडीखाली कुणाचं डोकं नाही, हात नाही. पुरेशी वर आली की चासी ढकलत बाहेर काढा आणि बॉडी भक्कम घोड्यांवर ठेवा. जॅकवर किंवा विटांवर नाही.

५. आता कोटेशन

समजा तुमची रोजची मजुरी १,२०० रुपये आणि मदतनिसाची ८०० रुपये धरली. तीन दिवसांचे झाले ६,००० रुपये. तेल, ब्लेड, पिशव्या वगैरे १,५००. घोडी आणि चेन ब्लॉकचं भाडं १,०००. एकूण ८,५००. त्यावर २० टक्के नफा, म्हणजे १,७००. कोटेशन १०,२०० रुपये.

बरोबर वाटतंय ना? इथेच नवा माणूस फसतो. बॉडी उतरली की एका गाडीच्या दोन गाड्या होतात : एक चासी, एक बॉडी. दोघांना जागा लागते, आणि पेठेत जागा हीच सगळ्यात महाग वस्तू. मालक रंगाचा निर्णय घेईना, नाना पेठेत पार्ट मिळेना, असं करत चार महिने जातात. जागेचे महिना ३,००० धरले तर १२,००० रुपये झाले, म्हणजे तुमच्या अख्ख्या कोटेशनपेक्षा जास्त!

म्हणून कोटेशन तीन टप्प्यांत द्या. पहिला, उघडणी : रक्कम ठरलेली, निम्मा आगाऊ. दुसरा, तपासणी : बॉडी उतरल्यावर गंज किती ते मालकाला प्रत्यक्ष दाखवून दुरुस्तीचा नवा आकडा. तिसरा, बांधणी. आणि एक ओळ ठळक लिहा : "मालकाच्या निर्णयाअभावी काम थांबल्यास जागेचं भाडं वेगळं." न उघडलेल्या गाडीच्या पूर्ण कामाचा एकच आकडा तोंडी सांगू नका.

जाता जाता, उद्यम नोंदणी मोफत आहे, ती आजच करून टाका. आणि वाड्यात काम करणार असाल तर मालकाची आणि शेजाऱ्यांची परवानगी लेखी घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ : टेप घेऊन तुमच्या जागेचं दार, चौक आणि वळण मोजा. बॉडी आणि चासी शेजारी शेजारी मावतात का, ते खडूनं जमिनीवर आखून बघा. मावत नसतील तर हे काम सध्या घेऊ नका. नुसत्या वायरिंगचं किंवा ब्रेकचं काम घ्या, हात बसवा. नाही म्हणता येणं हाही धंद्याचाच भाग आहे.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर, वरती बघा, तुळई तपासा!