हलके वजन, अनेक आवर्तने

प्रस्तावना

व्यायामशाळेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अंग भरायचे असेल तर जड वजन थोड्या वेळा उचला, चरबी घटवायची असेल तर हलके वजन पुष्कळ वेळा उचला.’ हे मत इतके रूढ झाले आहे की त्याची शहानिशा करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. या मतात तथ्य किती आणि समजूत किती, याचा विचार प्रस्तुत वैचारिक पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• शरीरातील चरबी कशी घटते, हे सांगता येईल;
• हलक्या वजनाच्या व्यायामाचा खरा उपयोग स्पष्ट करता येईल;
• रूढ समजूत आणि तपासलेले सत्य यांतील फरक ओळखता येईल.

चला, पाठ वाचू या

एकच हालचाल पुनःपुन्हा करणे, हे आपल्याकडील व्यायामाला नवीन नाही. आखाड्यात जोर-बैठका शेकड्यांनी मोजल्या जात आणि मुद्गल व करेला घुमवतानाही आवर्तनांची गणती चाले. युजेन सँडो हा प्रसिद्ध बलोपासक १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात आला होता. त्याच्या पद्धतीतही हलक्या डंबेलची अनेक आवर्तने होती. मात्र या साऱ्यामागील मुख्य हेतू बळ आणि दम वाढवणे हा होता.

पुढे १९४५ मध्ये थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांवरील उपचारांच्या अनुभवातून एक सूत्र मांडले. जड वजनाच्या थोड्या आवर्तनांनी ताकद वाढते आणि हलक्या वजनाच्या अनेक आवर्तनांनी दम वाढतो, असे ते सूत्र होते. ही विभागणी ताकद आणि दम यांच्यातील होती. चरबीशी तिचा संबंध नव्हता.

मग चरबी घटते कशी? आपण अन्नातून जेवढी ऊर्जा घेतो, त्याहून अधिक खर्च झाली की शरीर साठवलेल्या चरबीला हात घालते. ती चरबी रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोहोचते व तेथे प्राणवायूच्या साहाय्याने जळते. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये याचा हिशेब मांडला. १० किलो चरबी पूर्णपणे जळली, तर तिच्यातील ८.४ किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबी घामातून ‘वितळून’ जात नाही. घामाने घटलेले वजन पाणी पिताच भरून येते. तसेच, चरबी अंगभर साठलेल्या भांडारातून येत असल्याने केवळ पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी कमी होत नाही.

आता खर्चाचा हिशेब पाहू. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास हलक्या वजनांचा व्यायाम नेटाने केला, तर साधारणपणे १५० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे केवळ या व्यायामाच्या बळावर एक किलो चरबी घटवण्यास पन्नासहून अधिक दिवस लागतील आणि तेही खाणे न वाढल्यास. हा हिशेब ठाऊक नसलेला मनुष्य महिनाभर घाम गाळतो, काटा हलत नाही हे पाहून स्वतःलाच दोष देतो, व्यायाम सोडतो किंवा ‘चरबी वितळवणाऱ्या’ भुकट्यांवर कष्टाचे पैसे उधळतो. चुकीच्या अपेक्षेचा फटका असा शरीराला बसतो, तसाच खिशालाही बसतो.

तर मग हा व्यायाम निरर्थक आहे काय? मुळीच नाही. केवळ खाणे कमी केल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन घटते, पण अंगातील शक्तीही ओसरते. ज्यांचे पोट अंगमेहनतीवर आहे, त्यांना हे परवडणारे नाही. स्नायूंना नियमित भार दिला आणि आहारात डाळी, कडधान्ये, दूध किंवा अंडी पुरेशी ठेवली, तर स्नायू बऱ्याच अंशी टिकतात आणि घट मुख्यतः चरबीची होते. येथे वजनाच्या व्यायामाचे खरे मोल कळते.

त्यासाठी वजन जडच हवे असेही नाही. ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्नायू थकेपर्यंत आवर्तने केल्यास हलक्या व जड वजनांनी स्नायूंची वाढ जवळपास सारखीच झाली; ताकद मात्र जड वजनांनी अधिक वाढली. व्यायामशाळेचे शुल्क न परवडणाऱ्यांसाठी ही दिलासा देणारी बाब आहे. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली सुमारे एक किलोचे वजन होते. वाळूची पिशवीही चालते. एका हालचालीची १५ ते २५ आवर्तने करावीत. शेवटची दोन-तीन कष्टाने व्हावीत, पण ढब बिघडू नये. अशा दोन-तीन फेऱ्या पुरेत. २५ आवर्तने सहज होऊ लागली की वजन वाढवावे. श्वास कोंडू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब वा मधुमेह असल्यास आणि गरोदरपणी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्यासारखी मध्यम हालचाल सुचवली आहे. सारांश, चरबी घटण्याचा निर्णय मुख्यतः ताटात होतो, चालण्याने त्याला हातभार लागतो आणि वजने उचलल्याने शरीराचे बळ राखले जाते.

शब्दार्थ

आवर्तन – एकाच हालचालीची एक पूर्ण पुनरावृत्ती
शहानिशा – खरेखोटे पडताळणे
बलोपासक – शरीरबळाची साधना करणारा
ढब – हालचाल करण्याची योग्य रीत

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) जळलेल्या चरबीचा मोठा भाग शरीराबाहेर पडतो तो –
(क) घामावाटे (ख) श्वासावाटे (ग) मूत्रावाटे
(आ) डीलॉर्मच्या मते हलक्या वजनाच्या अनेक आवर्तनांनी वाढतो तो –
(क) दम (ख) रक्तदाब (ग) लठ्ठपणा

२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) पोटाच्या व्यायामाने केवळ पोटावरची चरबी घटते.
(आ) केवळ खाणे कमी केल्यास स्नायूही झिजतात.

पाठान्त प्रश्न

१. ‘चुकीच्या अपेक्षेचा फटका शरीराला बसतो, तसाच खिशालाही बसतो’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘घाम गाळणे’ आणि ‘हातभार लागणे’ या वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
३. तुमच्या परिसरातील आरोग्यविषयक एखादी रूढ समजूत निवडा. ती कशी तपासाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ख (आ) क
२. (अ) चूक (आ) बरोबर