लघुउद्योग आणि ऑनलाइन विपणन : कोल्हापुरी चपलेच्या उदाहरणाने एक अभ्यास

प्रास्ताविक

राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले, ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. हॉटेल सुरू झाले, चहा चांगला होता, जागा स्वच्छ होती. पण गिऱ्हाईक पायरी चढत नव्हते. महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले, तेव्हा कोठे ते हॉटेल चालू लागले. या घटनेचा सामाजिक अर्थ फार मोठा आहे व तो आपण नेहमीच सांगतो. परंतु व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने त्यातून आणखी एक धडा घ्यावयास हवा. माल तयार करणे हे व्यवसायाचे निम्मे काम आहे. गिऱ्हाईक आपल्यापर्यंत येणे आणि त्याने विश्वासाने माल घेणे, हे उरलेले निम्मे काम होय.

आज सरकारी नोकऱ्या मोजक्या व उमेदवार लाखो अशी स्थिती आहे. पदवी घेऊन पाच-सहा वर्षे स्पर्धा परीक्षांत घालविलेला तरुण जेव्हा व्यवसायाकडे वळतो, तेव्हा त्याच्याजवळ वडिलोपार्जित पेढी नसते, मुख्य बाजारपेठेत गाळा नसतो आणि उधार देणारे नातेवाईकही नसतात. अशा माणसाला हातातील मोबाईल फोन हीच पेढी आणि हाच गाळा होऊ शकतो. मात्र ज्या फोनने पैसे येतात, त्याच फोनने ते जातातही. म्हणून ऑनलाइन विपणनाचा विचार उत्साहाने नव्हे, तर हिशेबाने केला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा तोच उद्देश आहे.

१) विपणन म्हणजे काय?

विपणन म्हणजे केवळ जाहिरात नव्हे. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली विपणनाचे चार घटक मांडले : वस्तू, किंमत, विक्रीचे ठिकाण आणि प्रसिद्धी. साधने बदलली तरी हे चार घटक आजही तेच आहेत. इंटरनेटमुळे विक्रीचे ठिकाण व प्रसिद्धी या दोन घटकांचा खर्च कमी झाला, एवढाच फरक. वस्तू निकस असेल किंवा किंमत चुकली असेल, तर ती उणीव इंटरनेट भरून काढत नाही. उलट चार गिऱ्हाइकांची नाराजी चारशे लोकांना दिसते.

२) कोल्हापुरी चप्पलच का?

उदाहरणासाठी कोल्हापुरी चप्पल घेऊ. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीची शिवण, वेणी, पट्टा, अंगठा आणि कान ही तिची ठेवण. कापशी, पुकरी, बक्कलनळी असे तिचे प्रकार. हे कसब पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार समाजाच्या हातात आहे. परंतु नाव 'कोल्हापुरी'चे झाले, कारागिराचे झाले नाही. अनेक कारागीर दुकानदाराला घाऊक माल देतात. भाव दुकानदार ठरवितो आणि पैसेही त्याच्या सवडीने मिळतात. पायात चप्पल घालणाऱ्याला ती कोणी केली हे कळत नाही आणि करणाऱ्याला ती कोणी घातली हे कळत नाही.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे असून त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या आणि मूळ कारागिरीचा उल्लेख केला नाही. भारतातून आक्षेप घेतला गेल्यावर, आपली प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची असल्याचे कंपनीने मान्य केले. त्या दिवसांत जगभर कोल्हापुरीचे नाव गाजले. पण गाजलेल्या नावाचा लाभ कोणाला होतो? ज्याचे दुकान शोधल्यावर सापडते, त्याला. ज्याचा पत्ता, छायाचित्र, किंमत कोठेच नाही, त्याच्या दारावरून अशी संधी निघून जाते.

३) साधने व त्यांचा क्रम

नवा उद्योजक बहुधा सर्व साधने एकदम हाती घेतो आणि महिन्याभरात थकतो. खालील क्रम सोयीचा आहे.

पहिली पायरी – गुगल बिझनेस प्रोफाइल. ही नोंद मोफत आहे. दुकानाचे वा कारखान्याचे नाव, पत्ता, वेळ, फोन आणि छायाचित्रे भरावयाची; गुगल पडताळणी करते व नंतर नकाशावर आपले ठिकाण दिसू लागते. गावात आलेला पाहुणा 'जवळ चप्पल कोठे मिळेल' असे शोधतो, तेव्हा ही नोंद कामी येते. येथे गिऱ्हाईक अभिप्राय लिहितात. प्रत्येक अभिप्रायाला, विशेषतः तक्रारीला, नम्रपणे उत्तर द्यावे.

दुसरी पायरी – व्हॉट्सॲप बिझनेस. भारतात हे २०१८ पासून उपलब्ध आहे. यात मालाची यादी छायाचित्र व किमतीसह ठेवता येते. एकाच वेळी अनेकांना संदेश पाठविता येतो. पण ज्यांनी आपला क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो पोहोचतो. म्हणून माल देताना 'आमचा क्रमांक जतन करा' असे सांगावे. रोज उठून संदेश पाठविणाऱ्याचा क्रमांक लोक बंद करतात. नवा प्रकार आला, सण जवळ आला, अशा वेळीच पाठवावा.

तिसरी पायरी – इन्स्टाग्राम व फेसबुक. येथे चपलेपेक्षा चप्पल करणारे हात अधिक पाहिले जातात. वादी कशी ओवतात, वेणी कशी घालतात, खरे कातडे कसे ओळखावे, याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण दिवसाच्या उजेडात करावे. महागडा कॅमेरा लागत नाही.

चौथी पायरी – ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या ऑनलाइन बाजारपेठा. येथे गिऱ्हाईक भरपूर, पण तो बाजारपेठेचा असतो, आपला नव्हे. शिवाय कमिशन, पाठवणी आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड असतो. केंद्र सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेले ओएनडीसी हे खुले जाळे हा आणखी एक पर्याय आहे. शासकीय कार्यालयांना माल द्यावयाचा असल्यास २०१६ साली सुरू झालेले जेम हे संकेतस्थळ आहे. केंद्रीय खाती व उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून आणि त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असे धोरण आहे. हे आपल्या तरुणांनी अवश्य लक्षात ठेवावे.

४) हिशेब : खरी परीक्षा

खालील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावे.

समजा, एक जोड १,२०० रुपयांना विकला. कातडे व साहित्य ५५० रुपये, मजुरी २५०, वेष्टन ४०, कुरिअर ९० आणि बाजारपेठेचे कमिशन १५ टक्के म्हणजे १८० रुपये. एकूण खर्च १,११० रुपये. शिल्लक ९० रुपये.

आता १०० जोड पाठविले व त्यांतील १० परत आले. विकलेल्या ९० जोडांवर ८,१०० रुपये मिळाले. कमिशन परत मिळते व चप्पल पुन्हा विकता येते असे धरले, तरी परत आलेल्या प्रत्येक जोडामागे जाण्यायेण्याचे कुरिअर १८० व वेष्टन ४०, असे २२० रुपये बुडाले; म्हणजे १० जोडांचे २,२०० रुपये. उरले ५,९००. पण १० ऐवजी ३० जोड परत आले तर? ७० जोडांचे ६,३०० रुपये मिळाले आणि ६,६०० रुपये गेले. शंभर जोड पाठवून, महिनाभर राबून ३०० रुपयांचा तोटा! विक्री वाढली म्हणून पेढे वाटणाऱ्याने आधी परत आलेला माल मोजावा.

पादत्राणे परत येण्याचे मोठे कारण माप हे असते. त्यावर उपाय साधा आहे. गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतचे माप सेंटिमीटरमध्ये पाठवावयास सांगावे आणि यादीत प्रत्येक क्रमांकापुढे सेंटिमीटर लिहावेत. नवी कोल्हापुरी सुरुवातीला कडक वाटते, पावसात भिजवू नये, हेही आधीच सांगावे. माल घरी पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत पार्सल नाकारले जाण्याचा धोका अधिक असतो. म्हणून थोडी तरी आगाऊ रक्कम घ्यावी.

जाहिरातीचाही असाच हिशेब करावा. समजा, १,५०० रुपयांची जाहिरात दिली, ६० जणांनी चौकशी केली आणि ६ जणांनी माल घेतला. म्हणजे एक गिऱ्हाईक २५० रुपयांना पडले. थेट विक्रीत कमिशन नसल्याने एका जोडामागे २७० रुपये सुटतात; जाहिरात वजा जाता उरले २० रुपये. मग जाहिरात व्यर्थ गेली काय? तेच गिऱ्हाईक पुढील वर्षी पुन्हा आले, किंवा त्याने भावाला पाठविले, तर त्या वेळी पूर्ण २७० रुपये सुटतात. तात्पर्य, पहिली विक्री गिऱ्हाईक मिळवून देते आणि दुसरी विक्री नफा मिळवून देते. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, माप व खरेदीची तारीख वहीत लिहून ठेवावी.

५) नोंदणी, कर व कायदा

१ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली असून ती पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म उद्योग गणला जातो. म्हणजे आपले जवळजवळ सर्व व्यवसाय त्यात येतात.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकार व पादत्राणे कारागिरांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे.

वस्तू व सेवा कराबाबत, २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडावर ५ टक्के दर आहे. ऑनलाइन बाजारपेठेतून विक्री करताना नोंदणीचे नियम वेगळे असतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालील लहान विक्रेत्यांना राज्यांतर्गत विक्रीसाठी सवलत देण्यात आली आहे. परराज्यात माल पाठविण्यापूर्वी कर सल्लागाराचे मत घ्यावे.

भौगोलिक मानांकनाच्या कायद्यानुसार कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाने नोंदणी करता येते. ती असेल तर यंत्रावर केलेल्या नकली मालापासून आपला माल वेगळा दाखविता येतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून खोटे अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. मित्रांकडून खोटी स्तुती लिहवून घेण्याचा मोह म्हणूनच टाळावा. ती नियमालाही धरून नाही आणि नीतीलाही.

६) फसवणुकीपासून सावधगिरी

२०१६ साली यूपीआय आले व लहान विक्रेत्याला घरबसल्या पैसे मिळू लागले. त्याबरोबर भामटेही आले. तीन नियम घरातील सर्वांना पाठ असावेत. पहिला, पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार असे समजावे. दुसरा, पैसे पाठविल्याचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. बँक खात्यात रक्कम पाहिल्याशिवाय माल पाठवू नये. तिसरा, फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

७) समारोप

ऑनलाइन विपणन ही जादू नाही. दुकानदाराच्या दारात तिष्ठत उभे राहणाऱ्या कारागिराला थेट गिऱ्हाइकाशी बोलता यावे, आपला भाव आपण सांगावा आणि आपल्या कामावर आपले नाव असावे, यासाठीचे ते एक साधन आहे. कसब वडिलांच्या हातात आहे आणि फोन मुलीच्या हातात आहे. ही दोन्ही एका घरात असताना ती एकत्र येत नाहीत, ही आपली खरी अडचण आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एका कारागिराची, शिंप्याची, पापड-मसाला करणाऱ्या भगिनीची नोंद व मालाची यादी तयार करून दिली, तरी पुष्कळ काम होईल. त्यासाठी भांडवल लागत नाही. दोन रविवार लागतात.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. विपणनाचे चार घटक सांगून तुमच्या परिसरातील एका व्यवसायाला ते लावून दाखवा.
२. वरील उदाहरणात १०० पैकी २० जोड परत आले, तर शिल्लक किती राहील?
३. स्वतःचे गिऱ्हाईक आणि बाजारपेठेचे गिऱ्हाईक यांत फरक काय?
४. खोटे अभिप्राय लिहिण्याने विक्रेत्याचे दीर्घकाळात कोणते नुकसान होते, यावर चर्चा करा.