मनातल्या चौकाची डावी बाजू

‘डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले’ असे आपण सहज म्हणतो. पण हे मनातले चित्र पाहतो कोण, आणि कशाने? या प्रश्नावर वाचताना मला सर्वांत विलक्षण वाटला तो मिलान शहरातील १९७८ सालचा बिझियाक व लुझात्ती यांचा प्रयोग.

त्यांचे दोन रुग्ण मिलानचेच. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्याने डावीकडच्या गोष्टींकडे त्यांचे लक्षच जात नसे. त्यांना सांगितले, कॅथीड्रलसमोरचा चौक आठवा. तुम्ही कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात. त्यांनी सांगितल्या त्या बहुतेक उजवीकडच्याच इमारती. मग म्हटले, आता कॅथीड्रलच्या दारातून चौकाकडे पाहा. झाले! मघाशी वगळलेल्या इमारती उजवीकडे आल्या नि आठवल्या. सांगून झालेल्या मात्र गळाल्या.

म्हणजे स्मृती हरवली नव्हती. कल्पनेतही माणूस कुठेतरी उभा राहूनच पाहतो आणि पाहण्याचे व्यंग तिथेही सोबत येते.

तरी पाहणे व कल्पिणे एकच, असे म्हणायला माझे मन धजत नाही. समोरचे सारे नीट दिसते, पण कल्पनेतली डावी बाजूच तेवढी हरपते, अशा रुग्णाची नोंद १९९३ मध्ये झाली आहे.