‘हो, पण’ आणि ‘हो, आणि’



नाटक म्हटले की आपल्याला तालमी आठवतात. सणाच्या आधी महिनाभर रात्री जेवणे आटोपून हॉलमध्ये तालीम चालते, पाठांतर होत नाही म्हणून दिग्दर्शक डोक्याला हात लावतो, आणि प्रयोगाच्या दिवशी प्रॉम्प्टर पडद्यामागून इतक्या मोठ्याने सांगतो की पहिल्या तीन रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळते. नाटकाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात संहिता नसते, पाठांतर नसते आणि प्रॉम्प्टरला काम नसते. दोन नट रिकाम्या रंगमंचावर येतात. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडून जागा सुचवतो, ‘रेल्वेचा फलाट’ किंवा ‘दातांचा दवाखाना’. तेथून पुढे जे होईल ते त्या क्षणी होते. इंग्रजीत याला इम्प्रोव्हायझेशन, थोडक्यात इम्प्रॉव्ह म्हणतात. आपण त्याला उत्स्फूर्त नाट्य म्हणू.

आपल्या मातीला हा प्रकार परका नाही. तमाशातील बतावणीत सोंगाड्याची खरी परीक्षा हजरजबाबीपणातच होत असे. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ साली रंगमंचावर आले. त्यात दादा कोंडके ताज्या घडामोडींवर पदरची वाक्ये आयत्या वेळी घालीत. मात्र ही कला नेमकी कशी चालते याचा शोध घेऊन, ती शिकवता येईल अशा स्वरूपात मांडण्याचे काम गेल्या शतकात प्रामुख्याने शिकागो आणि लंडन येथे झाले. तेथे सापडलेले नियम मला नाटकाइतकेच आपल्या स्वयंपाकघरात उपयोगी वाटतात, म्हणून हा लेख.

शिकागोमध्ये व्हायोला स्पोलिन (१९०६-१९९४) या बाईंनी नीव्हा बॉइड यांच्याकडून खेळ घेण्याचे शिक्षण घेतले. हे शिक्षण हल हाउस या संस्थेत झाले. परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी ही संस्था चालवली जाई. पुढे मंदीच्या काळात, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, स्पोलिनबाई सरकारी योजनेखाली अशाच वस्त्यांतील मुलांची व मोठ्यांची नाटके बसवू लागल्या. माणसे वेगवेगळ्या देशांची, भाषा वेगवेगळ्या. त्यांना अभिनयावर व्याख्यान देऊन काय उपयोग? बाईंनी त्यांना खेळ दिले. न दिसणारा चेंडू एकमेकांकडे फेका. समोरचा माणूस आरशासमोर उभा आहे आणि तुम्ही त्याचे प्रतिबिंब आहात असे समजून हला. खेळताना माणूस स्वतःला विसरतो आणि समोरच्याकडे पाहू लागतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९६३ साली त्यांनी या खेळांचे पुस्तक काढले. त्याआधी, १९५९ साली, त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने दोन साथीदारांसह शिकागोत ‘सेकंड सिटी’ ही नाटकमंडळी सुरू केली होती.

लंडनमध्ये हेच काम कीथ जॉन्स्टन (१९३३-२०२३) यांनी स्वतंत्रपणे केले. हे मूळचे शाळामास्तर. रॉयल कोर्ट थिएटरात नटांना शिकवताना त्यांना दिसले की नटांना सुचत नाही असे नाही. सुचलेले बोलायची त्यांना भीती वाटते. आपण हुशार दिसू का, लोक हसतील का, या विचारात पहिली कल्पना गिळली जाते. म्हणून ते नटांना सांगत, चमकदार काही शोधू नका, जे सहज सुचते तेच बोला. पुढे ते कॅनडात कॅलगरी येथे गेले आणि १९७७ साली तेथे ‘लूज मूस’ नावाची नाटकमंडळी त्यांनी सुरू केली. त्यांचे ‘इम्प्रो’ हे पुस्तक १९७९चे आहे.

आता मुख्य नियम. एका नटाने काही म्हटले की ती त्याने पुढे केलेली भेट समजायची. दुसऱ्याने ती घ्यायची आणि तिच्यात स्वतःचे थोडे घालून परत द्यायची. शिकागोच्या परंपरेत यालाच ‘हो, आणि’ असे नाव पडले. समजा, पहिला नट गालावर हात ठेवून येतो आणि म्हणतो, “डॉक्टर, माझ्या दाढेतून रेडिओ ऐकू येतो हो!” दुसरा म्हणाला, “मी डॉक्टर नाही, आणि मला काही ऐकू येत नाही,” तर खेळ संपला. दुसरा म्हणाला, “हो, आणि स्टेशन बदलायचे असेल तर तोंड अजून थोडे उघडा,” तर तेथून पुढे दहा मिनिटे नाटक चालेल. ‘नाही’ म्हणणाऱ्या नटाला वाटते आपण हुशारी दाखवली. प्रत्यक्षात त्याने साथीदाराला रंगमंचावर एकटे सोडलेले असते.

आपल्या घरांत उघड ‘नाही’ फारसे ऐकू येत नाही. आपण सभ्य माणसे. आपल्याकडे ‘हो, पण’ असते. मुलगी म्हणते, “पप्पा, बारावीनंतर मला स्वयंपाकाचा कोर्स करायचाय.” पप्पा म्हणतात, “हो, पण लोक काय म्हणतील, एवढे मार्क मिळवून कढईच धरायची?” सून म्हणते, “आई, या वेळी नाताळला करंज्या थोड्या कमी करूया.” सासूबाई म्हणतात, “कर की, पण आमच्या वेळी...” आणि ‘आमच्या वेळी’ सुरू झाले की करंज्या बाजूलाच राहतात. सभांबद्दल तर न बोललेलेच बरे. कोणीही काहीही सुचवो, पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘कल्पना चांगली आहे, पण’ हे शब्द येतातच, आणि पुढच्या सभेला सुचवणारा माणूस येत नाही.

त्या पप्पांनी कोर्सला लगेच पैसे द्यावेत असे मी म्हणत नाही. “हो, आणि कोणता पदार्थ आधी शिकायचाय तुला?” एवढेच विचारले असते तरी पुरले असते. तिच्या मनात काय आहे हे त्यांना कळले असते. नंतर फी, नोकरी, हॉस्टेल हे सगळे बोलता येते, कारण तोवर दोघे एकाच रंगमंचावर आलेले असतात.

येथे एक घोटाळा होतो, तो दूर केला पाहिजे. ‘हो’ म्हणायचे म्हणजे सगळ्याला मान डोलवायची का? नवरा दारूसाठी पैसे मागतो, त्यालाही हो? मुळीच नाही. रंगमंचावरही असा अर्थ नसतो. एक पात्र दुसऱ्या पात्राला खुशाल नाही म्हणू शकते. पोलीस चोराला सोडत नाही, नाटक तरीही चालते. चोर समोर उभाच नाही असे म्हटले तर मात्र ते चालत नाही. पैसे नाकारता येतात, घराचे दारही बंद करता येते, आणि तरीही समोरच्याला व्यसन जडले आहे, तो त्रासात आहे, हे खरे मानून बोलता येते. मारहाण होत असेल तर मात्र हे खेळाचे नियम बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागी जावे आणि मदत मागावी.

या नियमाची सर्वांत मोठी कसोटी मला आपल्या आजारी वृद्धांच्या खोल्यांत दिसते. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, आता अनेक घरांत आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण. वाडी विकून पंचवीस वर्षे झाली, तरी म्हातारे वडील संध्याकाळी उठून विचारतात, “बैल बांधले का?” मुलगा दिवसभर लोकलचे धक्के खाऊन आलेला असतो. तो म्हणतो, “पप्पा, कुठले बैल? कधीच विकले ना!” पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मग आवाज चढतो, म्हातारा रडतो किंवा काठी उगारतो, आणि रात्री कोणालाच झोप लागत नाही. मुलगा वाईट नाही. जे वडील आता त्याच्या जगात येऊ शकत नाहीत त्यांना ओढून आणण्याचा तो प्रयत्न करतो आहे.

अमेरिकेत कॅरन स्टोबी आणि त्यांचे पती मॉन्डी कार्टर हे उत्स्फूर्त नाट्य करणारे नट. कॅरन यांच्या आईला अल्झायमर झाला आणि त्या लेक-जावयाकडे राहायला आल्या. तेव्हा या दोघांच्या लक्षात आले की रंगमंचावरचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडतात. सासूबाई बाहेर नसलेल्या माकडांविषयी बोलू लागल्या की जावईही माकडांविषयी बोलत, आणि गप्पा रंगत. हे दोघे रुग्णांची काळजी घेणाऱ्यांनाही हे शिकवत; २०१५ साली टेडमेड या परिषदेत त्यांनी आपला अनुभव मांडला.

तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला येथे थांबावेच लागते. हे खोटे बोलणे नाही का? वारलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या आजीला “येतीलच इतक्यात” असे सांगायचे? मला स्वतःला ते वाक्य जड जाते, आणि ते टाळता येते असे माझे मत आहे. “बैल बांधले का?” याला “हो, बांधले” असे म्हणण्याची गरज नाही. “बैलांची फार काळजी तुम्हाला, पप्पा. त्यांची नावे काय होती?” असे म्हणता येते. यात एकही शब्द खोटा नाही. बैल नसतील, काळजी मात्र खरी आहे, आणि ‘हो’ त्या काळजीला म्हटलेले आहे. आजीला विचारावे, “आजोबा घरी आले की आधी काय मागायचे, चहा की पाणी?” ती अर्धा तास बोलेल. कधी कधी ती सरळच विचारील, “ते गेले का रे?” तेव्हा तिचा हात धरून खरे सांगावे. आणि तिने विचारलेले नसताना दररोज नव्याने तिला विधवा करण्याचे कारण नाही.

हे ऐनवेळी कसे सुचणार, असे अनेकांना वाटेल. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९७६ साली ‘माइंड’ या नियतकालिकात या विषयावर एक निबंध लिहिला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की उत्स्फूर्तता ही काही थोड्या कलावंतांची मिरास नाही. साधी विचारपूस करतानाही आपण पाठ केलेले वाक्य म्हणत नसतो. आधी शिकलेले आणि त्या क्षणाला हवे असलेले यांची सांगड घालत असतो. भाजीवाल्या मावशीला रोज सुचतेच की!

तरीही सराव हवा. नटही खेळण्याचा सराव करतात. त्यांचा एक खेळ घरी करण्यासारखा आहे. या आठवड्यात रात्री जेवणानंतर टीव्ही आणि मोबाइल बंद करून दहा मिनिटे बसा. एकाने एक वाक्य बोलायचे. पुढच्याने आपले वाक्य त्या वाक्याच्या शेवटच्या शब्दाने सुरू करायचे. शेवटचा शब्द येईपर्यंत आपले उत्तर तयार करता येत नाही, म्हणून ऐकावेच लागते. मुले हे पटकन शिकतात. मोठ्यांना, विशेषतः माझ्यासारख्या बोलण्याची सवय असलेल्यांना, जड जाते. जो चुकेल त्याने मोठ्याने ‘चुकलो’ म्हणून हात वर करायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. घरात आजी-आजोबा असतील तर पहिले वाक्य त्यांना बोलू द्या, मग ते बैलांविषयी का असेना.