नवा सालदार आणि कोठाराची किल्ली

पाडव्याला आपण नवा सालदार ठेवतो. माणूस कामाचा असतो. अंगात जोर असतो. पण पहिल्या दिवशी तो कोठारापुढे उभा राहतो आणि विचारतो, "किल्ली कुठी हाय जी?" किल्ली दिली नाही, तर तो धान्य काढील कसा? पण म्हणून कोठारात धान्यच नाही, असे कोणी म्हणेल काय?

संगणकातही असेच घडते. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. सातबारा, पीक विमा, मुलांचे दाखले, सारी कामे आता त्याच्यावर होतात. म्हणून ही गोष्ट तुम्ही नीट ऐका.

संगणकाच्या पेटीत एक मोठी पाटी असते. तिला मदरबोर्ड म्हणतात. बाकीचे भाग तिलाच जोडलेले असतात. त्या भागांमधली ये-जा चिपसेट सांभाळतो. तो जणू शेतातली पांदण. आपले कागद साठतात ती डिस्क. ती झाली कोठार. आणि हे सारे घर चालवणारा सालदार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हे अशाच एका सिस्टिमचे नाव.

सालदार नवा आला, की त्याला घरची माहिती द्यावी लागते. हे काम ड्रायव्हर करतो. हा ड्रायव्हर गाडी हाकणारा नव्हे बरे का! कोणत्या भागाकडून काम कसे घ्यावे, हे सिस्टिमला सांगणारा तो एक छोटा प्रोग्राम असतो.

विंडोज १० ही सिस्टिम २०१५ साली आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या बंद झाल्या. म्हणून पुष्कळ लोक विंडोज ११ टाकू लागले.

माझा पुतण्या चांदूर बाजारला लोकांचे अर्ज भरून देतो. त्यानेही नवी विंडोज टाकायला घेतली. "डिस्क निवडा" अशी पाटी आली. खाली यादी कोरी! तो धावत माझ्याकडे आला.

"मोठेबाबा, डिस्क गेली! लोकायचे कागद त्याच्यातच होते. बाबाच्या संत्र्याच्या बागेचा हिशेबही त्याच्यातच."

"दुसरीकडे नक्कल ठेवली होती काय?"

"नाही जी."

एका दुकानदाराने सांगितले, "डिस्क मेली. नवी घ्या."

मी विचारले, "सकाळी चालत होती ना?"

"हो."

"मग घटकाभरात मेली कशी? आधी दुसऱ्या जाणत्याला विचार."

जाणत्या मुलाने मशीन पाहिले. तो म्हणाला, "गुरुजी, डिस्क चांगली आहे. नव्या विंडोजजवळ तिचा ड्रायव्हर नाही." इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आणि त्यानंतरच्या पुष्कळ मशीनांत असे होते. तिथे डिस्कचा कारभार व्हीएमडी नावाच्या सोयीकडे असतो. तिचा ड्रायव्हर नसला, तर डिस्क यादीत येत नाही.

त्याने दुसऱ्या संगणकावर मशीन बनवणाऱ्या कंपनीची साइट उघडली. मशीनचा मॉडेल नंबर पाहून स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवला. फाइल बांधलेली होती. ती उलगडून पेनड्राइव्हवर ठेवली. गाठोडे न सोडता दिले, तर विंडोजला आतले सापडत नाही. मग पाटीवरचे "लोड ड्रायव्हर" हे बटण दाबून तो फोल्डर दाखवला. लगेच डिस्क यादीत आली!

पुतण्या पुढचे बटण दाबणार, तोच मुलाने त्याचा हात धरला. "थांब भाऊ. आता चुकीचा भाग पुसशील, तर कागद खरेच जातील." त्यांनी काम तिथेच थांबवले. जुनी विंडोज उघडली. सारे कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवले. ते उघडतात की नाही, हेही पाहिले. मगच नवी विंडोज टाकली.

नंतर त्याने आधी चिपसेटचा ड्रायव्हर टाकला आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केले. मग वायफाय, चित्र आणि आवाज यांचे ड्रायव्हर टाकले. वायफायचा ड्रायव्हर त्याने आधीच पेनड्राइव्हवर आणला होता. नाहीतर इंटरनेट चालू कसे होणार? शेवटी डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहिले. तिथे पिवळी खूण उरली असेल, तर काहीतरी राहिले असे समजावे.

हे काम तुम्ही स्वतः कराल असे नाही. पण दुकानात उभे राहून विचारता आले पाहिजे. "भाऊ, स्टोरेजचा ड्रायव्हर टाकून पाहिला काय? माझ्या कागदांची नक्कल घेतली काय?" एवढे विचारले, तरी पैसा वाचेल आणि कागदही वाचतील.

थोड्या दिवसांपूर्वी तुम्हालाही कागदावर नुसत्या रेघोट्या दिसत होत्या. अक्षरे तर तिथेच होती. किल्ली तुमच्या हाती नव्हती, एवढेच.

ध्यानात ठेवा
१. सिस्टिम बदलण्याआधी कागदांची नक्कल दुसरीकडे ठेवावी.
२. ड्रायव्हर मशीनच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा. जाहिरातीतला घेऊ नये.
३. डिस्क दिसली नाही, तर घाईने नवी घेऊ नये.

प्रश्न
१. ड्रायव्हर म्हणजे काय?
२. यादी कोरी का आली?
३. मुलाने पुतण्याचा हात का धरला?